तीन चमचे पाण्याचे विमान

कॅनडेअर सीएल-४१५ हे विमान तळ्यावर उतरते, पण थांबत नाही. पाण्याला पोट टेकवून धावता धावता साधारण १२ सेकंदांत ६,१३७ लिटर पाणी भरून घेते आणि वणव्याकडे निघते. याच विमानाचे बहात्तरपट लहान मॉडेल केले, तर त्याच्या टाकीत जेमतेम १६ मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे पाणी मावेल. आग विझवणाऱ्या विमानांची अशी प्रमाणबद्ध मॉडेल्स करणे, आणि तीही चारपाच जणांनी मिळून करणे, हा मोठ्या समाधानाचा छंद आहे. तो समजून घ्यायचा तर आधी खऱ्या विमानांकडे पाहायला हवे.

दुसरा जन्म मिळालेली विमाने

१९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो राष्ट्रीय वनात लागलेल्या रॅटलस्नेक आगीत १५ जण आग विझवताना मरण पावले. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९५५ मध्ये, याच वनातल्या एका आगीवर विमानातून पाणी टाकण्यात आले. त्यासाठी विलोज गावच्या नोल्टा बंधूंनी शेतीच्या फवारणीचे एक दुपंखी स्टीअरमन विमान घेतले आणि त्याच्या पोटाला झडप बसवली. टाकी होती १७० गॅलनची, म्हणजे सुमारे ६४० लिटरची. स्टीअरमन मुळात वैमानिकांना शिकवण्यासाठी बनलेले होते. फवारणी हे त्याचे दुसरे काम आणि वणवा हे तिसरे.

पुढची बरीच विमाने याच वाटेने आली. ग्रुमन ट्रॅकर हे अमेरिकी नौदलाचे पाणबुड्या शोधणारे विमान. त्याच्या पोटात पाणतीर ठेवायची जागा होती, तिथे टाकी आली. मार्टिन मार्स ही ६१ मीटर पंखविस्ताराची उडती नाव नौदलासाठी माल वाहत असे. ती भंगारात निघणार, तेव्हा १९५९ मध्ये कॅनडातल्या लाकूड कंपन्यांनी एकत्र येऊन चार मार्स विकत घेतल्या. त्यांपैकी दोन व्हँकूव्हर बेटावरच्या स्प्रोट तळ्यात कित्येक दशके राहिल्या. एका खेपेला त्या सुमारे २७,००० लिटर पाणी नेत.

कॅनडेअरची गोष्ट वेगळी आहे. १९६७ मध्ये पहिल्यांदा उडालेले सीएल-२१५ मुळातच आगीसाठी आखलेले होते, आणि सीएल-४१५ ही त्याची टर्बोप्रॉप इंजिनांची सुधारित आवृत्ती.

प्रमाणाचे गणित

विमानांच्या मॉडेलमध्ये १:७२ हे सर्वांत रुळलेले प्रमाण. खऱ्या विमानाची प्रत्येक लांबी ७२ ने भागायची. सीएल-४१५ चा पंखविस्तार २८.६ मीटर, म्हणून मॉडेलचा साधारण ४० सेंटिमीटर. स्टीअरमन १४ सेंटिमीटरच्या आत बसते. मार्स मात्र ८५ सेंटिमीटरची होते. तिला शोकेस नाही, स्वतंत्र टेबलच लागते. म्हणून जागा कमी असणारे १:१४४ निवडतात. रशियाच्या बेरिएव्ह बी-२०० या जेट विमानाची किट झ्वेझ्दा कंपनीने याच प्रमाणात काढली आहे.

लांबी ७२ पटीने घटते, तेव्हा आकारमान ७२ गुणिले ७२ गुणिले ७२, म्हणजे ३,७३,२४८ पटीने घटते. मोठ्या टाकीचे तीन चमचे होतात ते त्यामुळे. शाळकरी मुलांना घनमूळ आणि घन शिकवायला यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही. गटाने एक गोष्ट मात्र आधीच ठरवावी: सगळ्यांनी एकच प्रमाण घ्यायचे. मगच स्टीअरमनशेजारी मार्स ठेवल्यावर ६४० लिटरपासून २७,००० लिटरपर्यंतचा प्रवास डोळ्यांना दिसतो.

किटमध्ये नसलेले विमान

सीएल-२१५ आणि सीएल-४१५ या दोन्हींच्या १:७२ किट फ्रान्सच्या हेलर कंपनीने काढल्या, त्यामुळे नवख्याने तिथून सुरुवात करावी. दोन्ही विमाने शेजारी ठेवली की फरक कळतात: जुन्याला गोलाकार पिस्टन इंजिने आणि तीन पात्यांचे पंखे, नव्याला निमुळती टर्बोप्रॉप इंजिने, चार पात्यांचे पंखे आणि पंखांच्या टोकाला उभ्या पट्ट्या.

ट्रॅकर घ्यायचा झाला तर सहसा नौदलाची किट हाती येते, आणि छंदाचा खरा गाभा इथे आहे. पाणबुडी शोधणारे शेपटीतले लांब नळकांडे कापून काढायचे. पोटातला रडारचा घुमट काढून तिथले भोक बुजवायचे. पाणतिरांच्या दारांवर पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्याची टाकी बसवायची. सांध्यांत लांबी (पुटी) भरायची, ती वाळली की वॉटर पेपरने घासायची, बोट फिरवून पाहायचे, पुन्हा भरायची. नौदलाने सोडलेल्या विमानावर मेकॅनिकांनी जे केले, तेच आपण टेबलावर करत असतो. कुठला भाग का गेला आणि कुठला का आला, हे हाताला कळल्याशिवाय हे मॉडेल नीट होत नाही.

जुळणीतली एक खुबी आधीच लक्षात ठेवावी. कॅनडेअर आणि ट्रॅकर दोन्ही नाकाखालच्या चाकावर उभी राहतात. नाकात वजन घातले नाही तर मॉडेल मागे शेपटीवर बसते. कवचाचे दोन अर्धे भाग चिकटवण्याआधी मासेमारीच्या गळाला लावतात ते शिशाचे गोळे आत पक्के बसवावेत. नंतर तिथे हात पोचत नाही.

दिसण्यासाठी दिलेला रंग

लढाऊ विमानाचा रंग लपण्यासाठी असतो. आग विझवणाऱ्या विमानाचा रंग धुरातही दिसण्यासाठी असतो: पिवळा, लाल, नारिंगी, आणि शेपटीवर लांबून वाचता येईल असा मोठा क्रमांक. मॉडेल करणाऱ्याची परीक्षाही याच रंगात असते, कारण पिवळा रंग खालचे झाकत नाही. करड्या प्रायमरवर तो हिरवट आणि मळकट दिसतो. म्हणून आधी पांढरा किंवा फिकट गुलाबी थर द्यावा, मग पिवळ्याचे पातळ हात, प्रत्येक हात वाळू देऊन. पिवळा पूर्ण झाला की मास्किंग टेप लावून लाल पट्टे. फिकट आधी, गडद नंतर, हा क्रम सोडू नये.

त्यावर चकचकीत वार्निश, मग डिकॅल, म्हणजे क्रमांक आणि खुणांची चिकटचित्रे. खडबडीत पृष्ठभागावर डिकॅलखाली हवा अडकते आणि पारदर्शक कडा चांदीसारखी चमकते. गुळगुळीत वार्निशवर तसे होत नाही. मुंबईत किंवा कोकणात हे काम पावसाळ्यात करणाऱ्यांनी जपावे: दमट हवेत लॅकर मारले की त्यावर दुधाळ झाक येते. उघडिपीच्या दिवसापर्यंत थांबण्यातच शहाणपण आहे.

डाग कुठे, आणि का

काजळी आणि डाग दाखवताना सर्वाधिक चुका होतात. लाल डाग पाण्याचे नसतात, ते आग रोखणाऱ्या रिटार्डंटचे. हे खतातल्यासारख्या अमोनियम फॉस्फेटचे मिश्रण असते, आणि कुठे टाकले ते वैमानिकाला दिसावे म्हणून त्यात लोहाचा लाल रंग घालतात. ते जमिनीवरच्या तळावर टाकीत भरतात. त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या ट्रॅकरच्या पोटाखाली, टाकीच्या दारांपासून मागे शेपटीकडे ओघळलेले लाल पट्टे शोभतात. तळ्यातून किंवा समुद्रातून पाणी उचलणाऱ्या कॅनडेअरला तेच पट्टे दिले तर त्याचे कामच चुकीचे सांगितले जाते. त्याच्या पोटाला खाऱ्या पाण्याच्या फिकट रेघा हव्यात. पिस्टन इंजिनांच्या मागे तेलाचे काळपट ओघळ हवेत. हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हे विमान दिवसभर काय करत होते?

चौघांनी मिळून

ठरावीक मुदतीत एकाच विषयावर प्रत्येकाने आपापले मॉडेल करणे याला या छंदातले लोक 'ग्रुप बिल्ड' म्हणतात. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल प्लॅस्टिक मॉडेलर्स सोसायटीसारख्या संस्थांमुळे असे एकत्र काम जगभर रुजले. आग विझवणारी विमाने त्यासाठी फार सोयीची आहेत. डिकॅलच्या एका संचात बहुधा एकाहून जास्त विमानांचे क्रमांक असतात. ते वाटून घेता येतात. एकाकडे एअरब्रश, दुसऱ्याकडे पोटाखालचे दुर्मीळ छायाचित्र, तिसऱ्याचा हात सुतारकामात बसलेला.

नियम थोडेच असावेत: एक प्रमाण, एक मुदत, आणि दर भेटीत अर्धवट काम सर्वांसमोर ठेवणे. अर्धवट काम दाखवण्याचा संकोच गेला की शिकणे सुरू होते. सांध्यातली भेग करणाऱ्याच्या डोळ्याला दिसत नाही, शेजारच्याला पटकन दिसते.

आपल्याकडचा विषय

भारतातल्या गटाला वायुदलाचे मि-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर घेता येईल. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालजवळचे जंगल पेटले, तेव्हा या हेलिकॉप्टरने भीमताल तळ्यातून बांबी बकेट भरून आगीवर पाणी टाकले. दोरांना टांगलेली ही नारिंगी बादली स्वतः करावी लागेल: पातळ कागदावर पातळ केलेला फेविकॉल लावून तिचा आकार द्यायचा, दोरांसाठी ताणलेला बारीक धागा वापरायचा. सह्याद्रीतले वणवे पाहिलेल्या माणसाला हा विषय परका वाटणार नाही.

सुरुवात करताना

धारदार कटर, बारीक कानस, चिमटा, पॉलिस्टायरीनचा पातळ गोंद, लांबी, दोनतीन प्रतींचे वॉटर पेपर आणि चांगला ब्रश एवढ्यावर पहिले मॉडेल होते. गोंद आणि थिनरच्या वाफा छातीला वाईट, म्हणून खिडकी उघडी आणि तोंडाला योग्य मास्क. कटर नेहमी बोटापासून दूर चालवावा. मुले असतील तर कापण्याचे काम मोठ्यांनी घ्यावे. रंगाचा निर्णय मात्र मुलांना घेऊ द्यावा.

मांडणीवर काय उरते

स्प्रोट तळ्यातल्या दोन मार्सपैकी 'हवाई मार्स' नावाच्या नावेने ऑगस्ट २०२४ मध्ये शेवटचे उड्डाण केले आणि ती व्हिक्टोरियाजवळच्या संग्रहालयात दाखल झाली. स्प्रोट तळ्यावर आता ती दिसणार नाही. पण कुणाच्या तरी मांडणीवर, १४ सेंटिमीटरच्या स्टीअरमनपासून सुरू झालेल्या रांगेच्या शेवटी, ती पंख पसरून बसलेली असेल. तिच्या टाकीचे गणित केले तर सुमारे ७२ मिलिलिटर, जेमतेम अर्धा कप पाणी येते. माल वाहायला जन्मलेल्या त्या नावेला दुसरे काम देणाऱ्या माणसांची आठवण मात्र त्या अर्ध्या कपात पुरती मावते, कारण ती टाकी आपण स्वतःच्या हाताने बसवलेली असते.