स्मृतिलेखनातील आशयसूत्र आणि संदेश

स्मृतिलेखनातील आशयसूत्र म्हणजे लेखकाने आपल्या आयुष्यातून निवडलेल्या आठवणींना एकत्र बांधणारा मध्यवर्ती विचार, प्रश्न किंवा ताण होय. त्या आठवणींच्या आधारे वाचकाच्या मनात जो अर्थ शिल्लक राहावा असे लेखकाला वाटते, त्यास संदेश म्हणतात. लेखनाची आखणी करताना या दोन गोष्टी कशा सापडतात, त्यांचा घटनांच्या निवडीवर काय परिणाम होतो आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार या लेखात मुख्यतः मराठी साहित्यातील उदाहरणांच्या आधारे केला आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

मराठीत स्वतःच्या जीवनाविषयीच्या लेखनास आत्मचरित्र, आत्मवृत्त, आत्मकथन, आठवणी, स्मृतिचित्रे अशी विविध नावे आहेत. आत्मचरित्र सामान्यतः जन्मापासून लेखनकाळापर्यंतचा सलग आलेख मांडते. आठवणी किंवा स्मृतिचित्रे यांमध्ये आयुष्याचा एखादा कालखंड, एखादे नाते किंवा एखादा अनुभव केंद्रस्थानी असतो. दलित आणि भटक्या-विमुक्त समाजांतील लेखकांच्या अशा लेखनासाठी १९७०च्या दशकानंतर ‘आत्मकथन’ किंवा ‘स्वकथन’ ही संज्ञा विशेष रूढ झाली. या प्रकारांतील सीमारेषा काटेकोर नाहीत. मात्र लेखनाचा पट जितका मर्यादित, तितकी आशयसूत्राची गरज अधिक, असे सर्वसाधारणपणे म्हणता येते. कारण सलग आयुष्याला कालक्रमाचा आधार असतो, निवडक आठवणींना तो पुरेसा नसतो.

विषय, आशयसूत्र आणि संदेश

या तीन संज्ञांची अनेकदा गल्लत होते. विषय म्हणजे लेखन कशाबद्दल आहे ते. आशयसूत्र म्हणजे त्या विषयातील कोणता प्रश्न लेखकाला सोडत नाही ते. आणि संदेश म्हणजे त्या प्रश्नाचा विचार करून लेखक कोठे पोहोचला ते.

आनंद यादव यांच्या ‘झोंबी’ (१९८७) या पुस्तकाचा विषय एका शेतकरी कुटुंबातील मुलाचे बालपण आणि शिक्षण हा आहे. शिकण्याची ओढ एकीकडे, आणि दारिद्र्य, शेतातील कष्ट व वडिलांचा विरोध दुसरीकडे, यांतील झगडा हे त्याचे आशयसूत्र होय. शिक्षणाचे महत्त्व हा संदेश वाचकापर्यंत पोहोचतो. पण तो स्वतंत्र विधान म्हणून नव्हे, तर त्या झगड्याची किंमत दिसल्यामुळे. विषय एका शब्दात सांगता येतो, आशयसूत्र सांगण्यास सहसा दोन परस्परविरोधी गोष्टी लागतात, हा फरक ओळखण्याचा एक सोपा मार्ग आहे.

आशयसूत्राचा शोध

आशयसूत्र आधी ठरवून त्यानुसार आठवणी जमवणे आणि आठवणी लिहीत असताना आशयसूत्र सापडणे, अशा दोन्ही पद्धती आढळतात. दुसऱ्या पद्धतीत प्रथम आठवणींची कच्ची टिपणे केली जातात आणि नंतर त्यांतील पुनरावृत्ती तपासली जाते. एकच व्यक्ती, जागा, वस्तू किंवा भावना वेगवेगळ्या वयांतील प्रसंगांत पुन्हा पुन्हा येत असेल, तर तेथे आशयसूत्र असण्याची शक्यता असते. घटनेच्या वेळी लेखक जे समजला आणि लेखनाच्या वेळी जे समजतो, यांतील अंतर ही दुसरी खूण आहे. जेथे हे अंतर मोठे असते, तेथे आठवणीला केवळ माहितीपलीकडचा अर्थ असतो.

लिहिता लिहिता केंद्र बदलल्याचे ठळक उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ (चार भाग, १९३४–१९३७). हे लेखन पती नारायण वामन टिळक यांच्या आठवणी नोंदविण्याच्या निमित्ताने सुरू झाले. नारायण टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पतिपत्नींची ताटातूट झाली आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही तो धर्म स्वीकारला. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या एका स्त्रीचे मन कसे बदलत गेले, हे या आठवणींचे सूत्र बनले. परिणामी पतीच्या चरित्राचे साधन म्हणून आरंभलेले लेखन मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र ठरले.

याआधीच्या रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकातही पती महादेव गोविंद रानडे केंद्रस्थानी आहेत. मात्र पतीची शिकविण्याची इच्छा आणि घरातील स्त्रियांचा शिक्षणाला असलेला विरोध, या दोहोंमध्ये सापडलेल्या तरुण सुनेची कोंडी त्यात सातत्याने दिसते. लेखिकेने जाहीर केलेला हेतू आणि पुस्तकातून उमटणारे आशयसूत्र हे नेहमी एकच असतात असे नाही, हे यावरून दिसून येते.

शीर्षक आणि कथनपद्धती

आशयसूत्र निश्चित झाल्यावर त्याचा प्रभाव शीर्षकावर आणि निवेदनावर पडतो. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या शीर्षकातील शब्द गावगाड्यातील सेवांच्या मोबदल्यात मिळणाऱ्या धान्याच्या वाट्याचा आहे. पुस्तकात तो जातीमुळे वाट्याला आलेल्या आयुष्याचे प्रतीक होतो. या पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. दोघे एकच व्यक्ती आहेत. शिकून शहरी मध्यमवर्गात आलेला माणूस आणि त्याने मागे टाकलेला भूतकाळ यांतील दुभंग हेच आशयसूत्र असल्यामुळे निवेदनाचीही अशी विभागणी अर्थपूर्ण ठरते.

लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या शीर्षकात भटक्या कैकाडी समाजातील मुलाचे कोठेच आपले नसणे सूचित होते. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ (१९८६) या शीर्षकात ‘माझे’ऐवजी ‘आमुचं’ असे बहुवचन वापरले, कारण त्यांच्या आठवणींचे केंद्र एक व्यक्ती नसून महार समाजाचे, विशेषतः त्यातील स्त्रियांचे, सामूहिक जीवन आहे. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) या शीर्षकाचा संदर्भ बांबूच्या विणकामाशी आहे. लेखिकेची आई सुपे-टोपल्या विणून घर चालवीत असे. आईचे विणणे आणि मुलीचे लिहिणे यांतील नाते या प्रतिमेतून व्यक्त होते.

घटनांची निवड

आशयसूत्राचा प्रत्यक्ष उपयोग घटना घेण्यासाठी जितका, तितकाच वगळण्यासाठी होतो. नोकरीतील बढती, प्रवास, भेटलेल्या नामवंत व्यक्ती हे प्रसंग लेखकाच्या दृष्टीने महत्त्वाचे असले, तरी सूत्राशी त्यांचा संबंध नसल्यास लेखन नोंदवहीसारखे होते. उलट, एखादा क्षुल्लक वाटणारा घरगुती प्रसंग मूळ प्रश्न उघड करीत असल्यास त्याला प्रकरणभर जागा मिळू शकते. सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) या पुस्तकात पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या लोकप्रिय लेखकाशी झालेल्या विवाहाची पार्श्वभूमी आहे. पण लेखनाचा भर प्रसिद्ध घटनांच्या यादीवर नसून सहजीवनात स्वत्व जपण्याच्या प्रश्नावर आहे. त्यामुळे दैनंदिन संसारातील लहान प्रसंगही त्यात वजनदार ठरतात.

मर्यादा आणि नैतिक प्रश्न

आशयसूत्राचा आग्रह अतिरेकी झाल्यास आठवणींची मोडतोड होण्याचा धोका असतो. संघर्षातून यशाकडे जाणारी सरळ रेषा आधीच ठरविली, तर त्या रेषेत न बसणारे अपयश, स्वार्थ किंवा संधिसाधूपणाचे प्रसंग गाळले जातात आणि लेखन आत्मसमर्थन बनते. आशयसूत्राला विरोध करणारी एखादी आठवण शिल्लक राहिली, तर सूत्र बदलावे, आठवण नव्हे, अशी भूमिका त्यामुळे घेतली जाते.

संदेशाबाबतही असाच धोका संभवतो. बोध उघडपणे सांगितल्यास प्रसंग दृष्टान्तापुरता उरतो आणि वाचकाला स्वतः अर्थ लावण्यास जागा राहत नाही. शिवाय लेखकाला अभिप्रेत असलेला संदेशच वाचकवर्ग स्वीकारील याची खात्री नसते. दलित आत्मकथनांतील दारिद्र्य आणि अपमान यांची वर्णने अनेकांना सामाजिक अन्यायाची साक्ष वाटली. पण मागे टाकू पाहिलेले जिणे पुन्हा चव्हाट्यावर आणल्याबद्दल दलित समाजातील काही वाचकांनी नाराजीही व्यक्त केली.

स्मृतिलेखनात इतर माणसेही अपरिहार्यपणे येतात, आणि त्यांना आपली बाजू मांडण्याची संधी बहुधा नसते. आईवडील, जोडीदार, शेजारी यांचे चित्रण केवळ सूत्राच्या सोयीसाठी एकरंगी केले, तर ती माणसे उदाहरणे बनून राहतात. ‘झोंबी’तील वडील शिक्षणाला विरोध करतात, तरी त्यांच्या मागे कर्ज, शेती आणि वाढत्या कुटुंबाचा भार आहे, हे पुस्तक झाकून ठेवत नाही. विरोध करणाऱ्या व्यक्तीची विवंचनाही दिसत असल्यामुळे मुलाचा झगडा एका बापाविरुद्धच्या तक्रारीपुरता मर्यादित राहत नाही आणि वाचकाला त्यात गरिबीने बांधलेल्या संपूर्ण घराची कोंडी दिसते.