नियम सगळ्यांना सारखा, मग भेदभाव कुठे?

‘नियम सगळ्यांना एकच आहे, मग भेदभाव कसला?’ भरती, बढती किंवा आरक्षणाची चर्चा निघाली की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. पण यामागचा गैरसमज किती खोल आहे, हे अमेरिकेतल्या एका वीजकेंद्राने दाखवून दिलं.

उत्तर कॅरोलिना राज्यात ड्रेपर इथे ड्यूक पॉवर कंपनीचं औष्णिक वीजकेंद्र होतं. तिथे कृष्णवर्णीय माणसाला एकाच विभागात काम मिळे: मजूर विभागात. त्या विभागातल्या सर्वांत चांगल्या जागेचा पगारही बाकीच्या विभागांतल्या सर्वांत कनिष्ठ जागेपेक्षा कमी असे. नागरी हक्क कायद्यातली नोकरीतल्या भेदभावाला मनाई करणारी तरतूद २ जुलै १९६५ रोजी अमलात आली. नेमक्या त्याच दिवशी कंपनीने नवी अट घातली. चांगल्या विभागात नव्याने नेमणूक हवी, तर हायस्कूल पास असण्याबरोबरच दोन लेखी चाचण्याही उत्तीर्ण व्हायच्या. अट गोऱ्यांना आणि काळ्यांना सारखीच होती. मात्र १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात हायस्कूल पूर्ण केलेले गोरे पुरुष ३४ टक्के होते आणि कृष्णवर्णीय पुरुष १२ टक्के. वर्णानुसार वेगळ्या आणि निकृष्ट शाळांत वाढलेल्या पिढीला आता प्रमाणपत्र मागितलं जात होतं. मुख्य म्हणजे त्या कामांना प्रमाणपत्राची गरजच नव्हती. आधी लागलेले हायस्कूल न झालेले गोरे कामगार तीच कामं व्यवस्थित करत होते, बढत्याही घेत होते.

तेरा कृष्णवर्णीय कामगार कोर्टात गेले. १९७१ मध्ये ‘ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: हेतू वाईट नसला, तरी जी अट एका समाजाला बाहेर ठेवते आणि कामाशी जिचा संबंध दाखवता येत नाही, ती बेकायदा.

बरोबर ५० वर्षांनी हा निकाल भारतात कामी आला. लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी नेमणूक देताना वैद्यकीय तंदुरुस्तीचा ‘शेप-१’ निकष लावला गेला. निकष पुरुषांचाच, पण पुरुषांची ही तपासणी नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, ऐन तारुण्यात होत असे. महिलांना वर्षानुवर्षं संधीच नाकारली गेली होती, त्यामुळे अनेकींना तोच निकष चाळिशी उलटल्यावर लागला. गोपनीय अहवालांचीही तीच गत. या महिला पुढे राहणारच नाहीत असं गृहीत धरून ते लिहिले गेले होते. मार्च २०२१ मध्ये न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव ठरवलं, आणि ते करताना ग्रिग्ज खटल्याचा आधार घेतला.

दुसरा गैरसमज याहून चिवट आहे. ‘आमच्याकडे निम्म्याहून जास्त बायकाच आहेत,’ असं सांगितलं की विषय संपला असं वाटतं. फ्लोरिडातल्या मार्टिन मॅरिएटा कंपनीनेही हेच सांगितलं, आणि ते खरंही होतं: वादातल्या जागेवर घेतलेल्यांत ७५ ते ८० टक्के स्त्रिया होत्या. तरी आयडा फिलिप्स यांचा अर्ज कंपनीने घेतला नाही, कारण त्यांचं एक मूल शाळेत जाण्याच्या वयाचं झालं नव्हतं. तेवढंच लहान मूल असलेल्या पुरुषाला मात्र दार उघडं होतं. आईला एक नियम आणि बापाला दुसरा, असं कायद्यात बसत नाही, असं त्याच १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं.

वंश आणि लिंग एकत्र येतात, तिथे आकडे अधिकच फसवे होतात. जनरल मोटर्सविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी दावा लावला. मंदीत ‘शेवटी आलेला आधी बाहेर’ या नियमाने कपात झाली होती. १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कंपनी घेतच नव्हती, त्यामुळे सेवाज्येष्ठतेत त्याच सर्वांत मागे होत्या. १९७६ मध्ये कोर्टाने लिंगभेदाचा दावा फेटाळला, कारण कंपनीने पूर्वीही स्त्रिया घेतल्या होत्या. त्या गोऱ्या होत्या, हे मोजलं गेलं नाही. वंशभेदाची तक्रार दुसऱ्या खटल्यात न्या, असा सल्ला मिळाला. दोन्ही मिळून एक दावा करायला परवानगी नव्हती. माणूस काही अर्धा स्त्री आणि अर्धा कृष्णवर्णीय म्हणून कामावरून निघत नाही! कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ च्या लेखात याला चौकातल्या अपघाताची उपमा दिली: धडक कुठल्याही एका रस्त्यावरून बसू शकते, किंवा सगळ्याच रस्त्यांवरून एकदम.

राहिला ‘त्यांनीच मान्य केलं होतं’ हा युक्तिवाद. मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी कंपनी स्त्री लघुलेखकांना त्याच कामासाठी पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार देत होती. ऑड्री डिकोस्टा यांनी समान वेतन कायद्याखाली दाद मागितली, तेव्हा कंपनीने युनियनशी झालेल्या कराराकडे बोट दाखवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ते मानलं नाही. तेवढा पगार परवडत नाही, ही सबबही चालली नाही.