पठारचा बटाटा आणि वायद्यांवरची बंदी

मे-जूनमध्ये मंचरला पंजाबच्या बटाटा बेण्याच्या गोण्या उतरू लागल्या की आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारची खरेदी सुरू होते. पेठ, कुरवंडीचा शेतकरी बेणं, खत, मजुरी सगळा खर्च आधी करून बसतो. भाव कळतो तो काढणीला, सप्टेंबरच्या सुमारास, दहा किलोमागे. आग्र्याच्या शीतगृहांतून तेव्हा किती माल बाहेर पडतोय, यावर बरंच काही ठरतं.

मधल्या महिन्यांत पुढच्या भावाचा अंदाज देणारा फलक म्हणजे वायदे बाजार. मुंबईच्या एमसीएक्स या वायदे बाजारात बटाट्याचे सौदे होत. मे २००८ मध्ये महागाई भडकली आणि केंद्राने बटाटा, हरभरा, सोयातेल, रबर यांचे वायदे चार महिन्यांसाठी थांबवले. मुदत पुढे नोव्हेंबरअखेरपर्यंत वाढली. लागवडीपासून काढणीपर्यंत पठारचा अख्खा हंगाम त्यात गेला. वायद्यांमुळेच भाव चढले, असा ठाम निष्कर्ष त्याच वर्षी आलेल्या अभिजित सेन समितीच्या अहवालालाही काढता आला नाही.

सट्ट्याची भीती खोटी नाही. अमेरिकेत १९५५ मध्ये दोघा व्यापाऱ्यांनी शिकागोचा कांदा मुठीत धरला आणि मग भाव असा पाडला की भरल्या गोणीपेक्षा रिकामं बारदान महाग झालं. शेतकरी बुडाले; १९५८ मध्ये तिथे कांद्याच्या वायद्यांवर कायद्यानेच बंदी आली, ती आजही आहे. कांदा पिकवणाऱ्या आंबेगाव-जुन्नरला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

पण असा डाव रोखायला आपल्याकडे नियामक आहे. १९५२ च्या कायद्याने आलेला वायदे बाजार आयोग २०१५ मध्ये सेबी या शेअर बाजाराच्या नियामकात विलीन झाला. सेबी अनामत वाढवू शकते, एकाने किती माल धरायचा आणि भावाने दिवसात किती हलायचं याला मर्यादा घालू शकते.

तरीही डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे वर्षासाठी बंद झाले आणि मुदत वाढत वाढत मार्च २०२६ पर्यंत गेली. बंदी आली तेव्हा सोयाबीन तेजीत होतं. २०२४ च्या हंगामात बाजारात क्विंटलला ४,८९२ रुपयांचा हमीभावही मिळेना, तरी बंदी उठली नाही. महागाईचं कारण संपल्यावरही चालू राहिलेली ही बंदी मला अन्यायाची वाटते. वायदे चालू असते तर एखाद्या शेतकरी कंपनीला पेरणीच्या वेळीच काढणीचा भाव बांधून घेण्याचा प्रयत्न तरी करता आला असता.