अकरा विरुद्ध एक

शनिवारची रात्र. बाहेर धो-धो पाऊस, ताटलीत कालचा पुलाव आणि लॅपटॉपवर 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'. १९५७ चा, ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम ९६ मिनिटांचा, आणि जवळजवळ सगळा एकाच खोलीत. ना हिरॉइन, ना गाणी, ना मारामारी. म्हटलं, अर्ध्या तासात झोप लागणार. छे! सिनेमा संपल्यावरही लागली नाही.

गोष्ट साधी आहे. न्यूयॉर्कचं कोर्ट, जीव नकोसा करणारा उकाडा. झोपडपट्टीत वाढलेल्या १८ वर्षांच्या मुलावर बापाच्या खुनाचा आरोप. दोषी ठरला तर इलेक्ट्रिक चेअर. ज्यूरीतल्या बारा जणांचं एकमत हवं आणि पहिल्याच मतदानात अकरा जण म्हणतात, 'दोषी'. अडून बसतो एकटा हेन्री फोंडा. गंमत म्हणजे, पोरगा निर्दोष आहे असं तोही म्हणत नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की कुणाचा जीव घ्यायच्या आधी निदान बोलू तरी या!

मग एकेकाचं खरं रूप बाहेर येतं. एकाच्या खिशात बेसबॉल मॅचची तिकिटं आहेत, त्याला पळायचंय. एकाचं स्वतःच्या मुलाशी बिनसलंय, तो राग इथे निघतोय. एक तर 'ही असली माणसं' म्हणत सुटतो, तेव्हा बाकीचे एकेक करून टेबलावरून उठतात आणि त्याच्याकडे पाठ फिरवतात. अंगावर काटा येतो. दिग्दर्शक सिडनी लुमेटचा हा पहिला सिनेमा, विश्वास बसत नाही.

आपल्याकडे आता ज्यूरी नाही. १९५९ मध्ये मुंबईत ज्यूरीने नानावटींना ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं, हायकोर्टाने तो निकाल फिरवला. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही.

कोर्टातून गेली, पण ऑफिसातून? माझ्या पहिल्या नोकरीत एकदा ड्रॉवरमधले पैसे गेले. दहा मिनिटांच्या मीटिंगमध्ये ठरलं, ऑफिस बॉयच! पुरावा? 'राहतो कुठे माहितीये ना?' माझं लक्ष घड्याळाकडे होतं, फास्ट लोकल चुकली असती. मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. पैसे त्याने घेतले होते की नाही, मला आजही ठाऊक नाही. शनिवारी तो मॅचची तिकिटंवाला बघताना मात्र घशाखाली घास उतरेना.

या वीकएंडला जरूर बघा. हिंदीत हवा असेल तर बासू चॅटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) आहेच, त्यातला पंकज कपूर सॉलिड! आणि सोमवारी कुणाबद्दल सगळ्यांचं झटपट एकमत झालंच, तर लोकल एखादी सोडा. पुढची येतेच की!