खाणमालक ते मुख्यमंत्री : भाऊसाहेब बांदोडकर

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांची समाधी आहे. सारा गोमंतक त्यांना ‘भाऊसाहेब’ म्हणूनच ओळखतो. राजकारणात येण्यापूर्वी ते एक यशस्वी खाणउद्योजक होते.

१२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांकडून लोहखनिजाला मोठी मागणी येऊ लागली. गोव्याच्या डोंगरांतील खनिज मांडवी आणि जुवारी या नद्यांतून बार्जेसने मुरगाव बंदराकडे जाऊ लागले. या व्यवसायात भाऊसाहेबांनी स्वकर्तृत्वाने संपत्ती मिळविली आणि गरजूंना सढळ हाताने मदतही केली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली. भाऊसाहेबांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने सत्ता मिळविली. ते स्वतः त्या निवडणुकीत उमेदवार नव्हते. तरीही मुख्यमंत्रिपदाची धुरा त्यांच्याकडेच सोपविण्यात आली. त्यांच्या कारकिर्दीत गावोगावी प्राथमिक शाळा उघडल्या. १९६४ च्या कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्यास संरक्षण दिले.

त्यांच्या नेतृत्वाची खरी कसोटी लागली ती विलीनीकरणाच्या प्रश्नावर. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, ही त्यांची आणि त्यांच्या पक्षाची प्रमुख भूमिका होती. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोवन्स पक्षाचा तिला ठाम विरोध होता. अखेर जनमत कौल घेण्याचे ठरले. तो निःपक्षपातीपणे व्हावा यासाठी सरकारने सत्ता सोडावी, अशी मागणी विरोधकांनी केली. भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला.

१६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, तर केंद्रशासित प्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. ज्या ध्येयासाठी पद सोडले, ते ध्येय ३४,०२१ मतांनी हरले. भाऊसाहेबांचे राजकारण येथेच संपले, असे कोणासही वाटले असते. परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या निवडणुकीत गोव्याने पुन्हा त्यांच्याच पक्षाला सत्ता दिली. मतदारांनी त्यांची भूमिका नाकारली होती, त्यांना नव्हे. भाऊसाहेबांनीही तो कौल मान्य करून स्वतंत्र गोव्याचा कारभार पुढे चालविला. १९७० मध्ये कला अकादमीची स्थापना झाली, तर १९७२ ची निवडणूकही त्यांच्या पक्षाने जिंकली.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर पुढे मुख्यमंत्री झाल्या. ३० मे १९८७ रोजी गोव्याला स्वतंत्र राज्याचा दर्जा मिळाला.

कर्जासाठी तारण ठेवता येते. पत मात्र वर्षानुवर्षांच्या व्यवहारातूनच कमवावी लागते. १९६७ च्या जानेवारीत भाऊसाहेब हरले, ते या पतीच्या बळावरच मार्चमध्ये पुन्हा उभे राहिले.