अंगणातली वेधशाळा



मृग लागला आणि दोन गावची माणसे आठवड्याच्या बाजारात भेटली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काय, पाऊस कसा काय तुमच्याकडं?" उत्तरेही ठरलेलीच. एक म्हणतो, "बरा झाला म्हणायचा." दुसरा म्हणतो, "वीतभर ओल गेली." तिसरा म्हणतो, "ओढ्याला पाणी आलं एकदाचं."

ही उत्तरे खोटी नाहीत. मातीत जन्म काढलेल्या माणसांची ती मापे आहेत. पण वीतभर ओल काळ्या रानात वेगळी आणि मुरमाड रानात वेगळी. ओढ्याला आलेले पाणी तर कदाचित वरच्या डोंगरात पडलेल्या पावसाचे असेल, आपल्या शिवारात थेंबही नसेल! त्यामुळे या मापांनी दोन गावांचा पाऊस शेजारी शेजारी मांडता येत नाही, आणि यंदाचा पाऊस दहा वर्षांमागच्या पावसाशी ताडूनही पाहता येत नाही. त्यासाठी आकडा लागतो. आज मी तुम्हांला अशा लोकांविषयी सांगणार आहे, की जे हा आकडा आपल्या अंगणात स्वतः मोजतात, आणि मोजून वहीत दडवून न ठेवता चारचौघांना वाटतात.

यांना आपण हौशी हवामान निरीक्षक म्हणू. कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी निवृत्त कारकून. घराच्या आवारात एक पर्जन्यमापक, एक तापमापक, जमल्यास हवेचा दाब, दमटपणा आणि वारा मोजणारी उपकरणे. पूर्वी हे सारे डोळ्यांनी वाचून हाताने लिहावे लागे. आता लहानशा यंत्रातून हे आकडे दर काही मिनिटांनी आपोआप संगणकावर जातात आणि तिथून संकेतस्थळावर. कोणी स्वतःचे संकेतस्थळ चालवतो, तर कोणी सामाईक नकाशावर आपल्या केंद्राचा एक ठिपका उमटवतो. त्या ठिपक्यावर बोट ठेवले, की त्या अंगणातले तापमान आणि पाऊस आपल्याला घरबसल्या दिसतो.

तुम्ही विचाराल, "अहो, सरकारची वेधशाळा आहे ना? मग ही हौस कशाला?" प्रश्न रास्त आहे. आपले भारतीय हवामान खाते 1875 साली स्थापन झाले, आणि अंदाज व इशारे देण्याचे काम त्याचेच. पण पाऊस हा मोठा लहरी गडी. 26 जुलै 2005 चा मुंबईचा प्रलय आठवा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत पाऊण शे मिलिमीटरसुद्धा भरला नाही! अंतर किती? जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. शहर एक, दिवस एक, पाऊस मात्र दोन. मग ज्या तालुक्यात डोंगर, घाट आणि माळ सारेच आहे, तिथे एका ठिकाणच्या आकड्यावरून साऱ्या गावांचा पाऊस कसा कळावा?

ही अडचण जुनी आहे, आणि तिच्यावरचा उपायही जुना आहे. इंग्लंडात जॉर्ज जेम्स साइमन्स नावाचे गृहस्थ होऊन गेले. देशातला पाऊस कमी होत चालला आहे की काय, अशी शंका तेव्हा लोकांना येऊ लागली होती. शंका फेडायची तर जागोजागचा पाऊस मोजला पाहिजे. साइमन्सनी 1860 साली 168 ठिकाणच्या नोंदी गोळा केल्या. मग ठिकठिकाणच्या हौशी माणसांना पत्रे धाडून, वर्तमानपत्रांतून विनंती करून त्यांनी मोजणारी मंडळी वाढवली. त्यांत धर्मोपदेशक होते, शाळामास्तर होते, डॉक्टर होते. 1900 साली साइमन्स वारले, तेव्हा ही ठिकाणे तीन हजारांवर गेली होती. दरवर्षी सर्वांच्या नोंदी एका पुस्तकात छापल्या जात. आपल्या शाळांतून ज्याचे चित्र दाखवतात, तो पाच इंच तोंडाचा पर्जन्यमापक या साइमन्सच्याच नावाने ओळखला जातो.

अलीकडचे उदाहरण अमेरिकेतले. कोलोराडो राज्यात फोर्ट कॉलिन्स म्हणून एक गाव आहे. 28 जुलै 1997 च्या रात्री गावाच्या पश्चिम अंगाला पावसाने कहर केला, आणि पूर्वेच्या बाजूला त्या मानाने फारच थोडा पाऊस झाला. पुरात पाच माणसे दगावली. नंतर विचार झाला, की गावभर मोजणारे लोक असते, तर कुठे किती कोसळते आहे हे वेळीच कळले नसते का? त्यातून 1998 साली तिथे घरोघर पाऊस मोजणाऱ्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. साधे चार इंच तोंडाचे नळकांडे, रोज सकाळी एक नोंद, ती सामाईक नकाशावर. आज ते जाळे साऱ्या अमेरिकेत आणि कॅनडातही पसरले आहे.

आणि दूर कशाला जायचे? आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार पाहा. पर्जन्यछायेतले गाव. पण तिथे गावकरी स्वतः पाऊस मोजतात आणि पावसाच्या आकड्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडतात. यंदा पाणी किती, पिण्याला किती, पिकाला किती, हे ठरवून मग पिके घेतात. आकडा वहीत नुसता पडून राहिला नाही; तो शेतापर्यंत गेला, ही त्यातली गोम आहे.

आता आपण काय करायचे? खर्च करायलाच हवा असे नाही. सरळ उभ्या भिंतीचे, तळाला सपाट असलेले कोणतेही काचेचे भांडे उघड्यावर ठेवा. त्यात जेवढे मिलिमीटर उंच पाणी साठेल, तेवढे मिलिमीटर पाऊस. भांडे रुंद की अरुंद, याने फरक पडत नाही. रुंद भांड्यात पाणी जास्त पडते, पण ते पसरतेही जास्त. गुरुजींनी हा प्रयोग वर्गात दोन वेगवेगळी भांडी ठेवून जरूर करून दाखवावा. नरसाळे आणि बाटली वापरणार असाल, तर नरसाळ्याचे तोंड 11.3 सेंटिमीटर व्यासाचे घ्या. त्याचे क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटर भरते. मग हिशेब सोपा : बाटलीत जमलेले दहा मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस.

एक मिलिमीटर म्हणजे किती थोडे, असे वाटेल. पण एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी! 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका, असे कृषी खाते सांगते. तालुक्याच्या ठिकाणी 90 झाला आणि आपल्या शिवारात 40 च झाला असेल, तर ऐकीव आकड्यावर पेरणाऱ्याचे बियाणे मातीत जाते. दुबार पेरणीचा फेरा काय असतो, हे मी तुम्हांला सांगायला नको.

नोंदीचे नियम थोडे आहेत, पण ते काटेकोर पाळायचे. रोज सकाळी साडेआठला मोजा. आपले हवामान खातेही त्याच वेळी मोजते. झाड, भिंत यांपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट दूर मापक ठेवा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा. मोजायचे राहून गेले, तर मात्र शून्य लिहू नका. "नोंद नाही" असे स्वच्छ लिहा. तापमापक उन्हात टांगू नका. तो उन्हाने तापतो आणि हवेचे तापमान सांगतच नाही. यंत्र स्वयंचलित असले, तरी पालापाचोळ्याने तोंड बुजले तर ते भर पावसातही खुशाल शून्य दाखवते, हे विसरू नका.

यात मी स्वतः कसा फसलो, तेही सांगतो. मी गच्चीवर पर्जन्यमापक बसवला, पाण्याच्या टाकीला लागून. चार महिने इमाने-इतबारे नोंदी केल्या. पुढे कळले, की गावाच्या दुसऱ्या टोकाला एक निवृत्त गुरुजीही अशीच वही ठेवतात. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. पाहतो तो काय, पश्चिमेचा वारा असला की माझा आकडा हटकून कमी! टाकी नेमकी पश्चिमेला होती. ती पाऊस अडवत होती. गुरुजी हसून म्हणाले, "सर, मोजणं तुमचं चोख, जागा तेवढी चुकली." चार महिन्यांची वही लंगडी पडली. एकट्याच्या वहीतली चूक वही सांगत नाही. ती शेजारची वही सांगते. नोंदी वाटायच्या त्या यासाठी.

म्हणून वाटताना आकड्याबरोबर चार गोष्टी सांगा : गाव कोणते, उपकरण कोणते, ते कशाजवळ आहे, आणि नोंद कधीपासून आहे. घराचा नेमका पत्ता देण्याचे कारण नाही. गावाचे नाव पुरे. दुसऱ्याचे संकेतस्थळ धुंडाळतानाही हेच पाहा. नकाशावर आपल्या तालुक्यात कोणता ठिपका आहे, त्याचा आकडा भोवतालच्या केंद्रांशी जुळतो का, मधले दिवस गाळले आहेत का? भर दुपारीच एखाद्याचे तापमान शेजाऱ्यांहून चार-पाच अंशांनी चढत असेल, तर समजा, तापमापक उन्हात आहे. त्याला हिणवू नका. दोन ओळी लिहून कळवा. अशीच ओळख वाढते.

जिथे संगणक नाही, तिथे ग्रामपंचायतीचा फळा आहेच. शाळेतली मुले रोज त्यावर आकडा लिहितील. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा : आपण मोजतो तो पडलेला पाऊस. पडणाऱ्या पावसाचा अंदाज आणि धोक्याचा इशारा हवामान खात्याकडूनच घ्यायचा. सरकारी कामात आकडाही सरकारी केंद्राचाच धरतात. तरी त्यात आणि आपल्या शिवारात अंतर पडले, तर दाखवायला आपल्या हाती तारीखवार वही असेल.

तेव्हा गुरुजी, यंदाच्या मृगाच्या आधी शाळेच्या पटांगणात मापकाची जागा ठरवा. आणि पुढच्या बाजारी कोणी विचारले, "काय, पाऊस कसा काय?" तर "बरा झाला" म्हणाच, पण त्याला जोडून सांगा, "काल सकाळपासून आज सकाळपर्यंत बत्तीस मिलिमीटर. तुमच्याकडं किती?"