संकेश्वरी मिळाली नाही तर?

मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा संपत येतात आणि घरोघरी वर्षाच्या तिखटा-मसाल्याची तयारी सुरू होते. आमच्या शाळेतल्या एक बाई मूळच्या गडहिंग्लजच्या. त्यांच्या आईच्या वहीत कांदा-लसूण मसाल्याचे प्रमाण लिहून ठेवलेले आहे : एक किलो संकेश्वरी, पाव किलो ब्याडगी. बाईंनी ठाण्यातली चार दुकाने पालथी घातली. तीन ठिकाणी 'संकेश्वरी येत नाही' असे उत्तर मिळाले. चौथ्या ठिकाणी संकेश्वरी म्हणून जी मिरची मिळाली, तिचा मसाला लालभडक झाला, पण तिखट बेताचा आणि वास अगदीच वेगळा. मधल्या सुट्टीत डबा माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही विज्ञान शिकवता ना? मग सांगा, काय चुकलं?"

प्रश्न स्वयंपाकघरातला असला तरी त्याचे उत्तर रसायनशास्त्रात आणि वनस्पतिशास्त्रात आहे. म्हणून तो वर्गात न्यावा असे वाटले.

मिरचीची तीन कामे

वाळलेली लाल मिरची पदार्थात तीन कामे करते. ती तिखटपणा देते, रंग देते आणि वास देते. ही तीन कामे करणारी द्रव्ये वेगवेगळी आहेत. त्यामुळे 'जितकी लाल तितकी तिखट' हा समज चुकीचा ठरतो.

तिखटपणा येतो तो मुख्यतः कॅप्सेसिन आणि त्याच्या जवळच्या काही संयुगांमुळे. तिखट ही खरे तर चव नव्हेच. जिभेवरच्या ज्या चेतातंतूंना भाजल्याची जाणीव होते, त्यांच्यावरील एका प्रथिनाला कॅप्सेसिन चिकटते आणि मेंदूला 'भाजले' असा संदेश जातो. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधले. स्पर्श व तापमानाच्या संवेदनांवरील कामासाठी ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

लाल रंग येतो तो कॅप्सँथिन आणि कॅप्सोरुबिन या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे. ती फळाच्या सालीच्या बाजूला असतात. वास मात्र अनेक बाष्पनशील द्रव्यांच्या मिश्रणातून तयार होतो आणि हे मिश्रण प्रत्येक वाणाचे निराळे असते.

आता ब्याडगी घ्या. कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाने ती ओळखली जाते. तिची साल सुरकुतलेली, रंग गडद, तिखटपणा बेताचा. लवंगी याच्या उलट. आकाराने लहान, पण झणझणीत. बाईंच्या मसाल्यात रंग आला आणि तिखट उतरले, यावरून दुकानदाराने त्यांना ब्याडगीच्याच जातकुळीतली एखादी मिरची दिली असावी, असा अंदाज बांधता येतो.

दोन सोपे प्रयोग

पहिला प्रयोग : कमी तिखट अशी एक ताजी मिरची उभी चिरा. बिया ज्याला चिकटलेल्या असतात तो पांढरट भाग विद्यार्थ्यांना दाखवा. कॅप्सेसिन तयार होते ते याच भागात. बियांमध्ये ते तयार होत नाही. शेजारी असल्यामुळे ते बियांना फक्त लागते. एका काडीने टोकाकडची साल आणि दुसऱ्या काडीने हा पांढरा भाग खरवडून शिक्षकांनी स्वतः काडीचे टोक जिभेला लावून पाहावे. फरक लगेच कळेल. मिरची चिरलेले हात डोळ्यांना लावू नयेत. हात आधी थोडे तेल चोळून मग साबणाने धुवावेत.

दुसरा प्रयोग : दोन परीक्षानळ्यांत चिमूट चिमूट तिखट घ्या. एकीत पाणी आणि दुसरीत कोमट गोडेतेल घालून हलवा. थोड्या वेळाने तेल लालसर होईल. पाणी फारसे रंगणार नाही. कॅप्सेसिन आणि कॅरोटिनॉइडे दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाही. रश्श्यावर लाल तर्री का येते आणि ठसका लागल्यावर पाणी पिऊन आग का शमत नाही, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर येथे आहे.

पर्यायाचे गणित

तिखटपणा मोजण्याची पहिली प्रसिद्ध पद्धत अमेरिकेतील औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये सुचवली. मिरचीचा अल्कोहोलमधील अर्क साखरेच्या पाण्याने पातळ करत जायचे आणि तिखटपणा जाणवेनासा होईपर्यंत किती पट पातळ करावे लागले ते पाहायचे. तो आकडा म्हणजे स्कोव्हिल एकक. आज कॅप्सेसिन यंत्राने मोजतात, पण एककाचे नाव टिकून आहे. ब्याडगी साधारण १० हजारांच्या आसपास आणि गुंटूरची मिरची ३५ हजारांच्या आसपास धरली जाते.

समजा, आपल्याला २० हजार एककांचे एक किलो तिखट हवे आहे. गुंटूर क्ष किलो घेतली तर ब्याडगी (१ − क्ष) किलो. म्हणजे ३५क्ष + १०(१ − क्ष) = २०. यातून क्ष = ०.४ येतो. म्हणजे ४०० ग्रॅम गुंटूर आणि ६०० ग्रॅम ब्याडगी. आठवीच्या वर्गाला हे समीकरण पुस्तकातल्या नळ आणि हौदापेक्षा नक्कीच जास्त आवडेल. तिखटपणा आणि रंग यांची अशी मोट बांधता येते. वासाचे मात्र समीकरण मांडता येत नाही. 'आईच्या मसाल्यासारखा नाही झाला' ही तक्रार उरते ती येथे.

वाण हरवते कसे?

मिरचीच्या फुलात स्वपरागीभवन होते, तसेच मधमाश्या व इतर कीटकांमुळे परपरागीभवनही बरेच होते. शेजारच्या वावरात दुसरी जात असेल तर बियांत संकर होतो. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'ढोबळीशेजारी लवंगी लावली की ढोबळी तिखट होते' असे म्हणतात. त्याच हंगामात तसे होत नाही. फळाची साल आणि आतला पांढरा भाग या मातृवनस्पतीच्या ऊती आहेत. परक्या परागाचा परिणाम होतो तो फक्त बीमध्ये. ते बी पुढच्या वर्षी पेरले, तर मात्र त्या झाडाला येणारी फळे तिखट निघू शकतात.

म्हणजे शेतकरी घरचे बी धरत असेल आणि आजूबाजूला जास्त उत्पन्न देणारी संकरित मिरची असेल, तर जुने वाण दोन-चार पिढ्यांत पातळ होत जाते. नाव तेच राहते, मिरची बदलते. काही वाणांना भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली आहे : ब्याडगीला २०११ मध्ये, गोव्याच्या काणकोण तालुक्यातील खोला मिरचीला २०१९ मध्ये. नोंदीने नावाला संरक्षण मिळते. बी मात्र कोणीतरी निगुतीने राखावेच लागते.

विकत घेताना

शक्यतो अख्खी मिरची घ्यावी. पुडीत वाण ओळखता येत नाही. पांढरे डाग किंवा कुबट वास असलेली मिरची टाळावी. बुरशीमुळे तीत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते. उजेडाने आणि हवेने कॅरोटिनॉइडे नष्ट होतात, म्हणून बरणी घट्ट झाकणाची असावी आणि अंधारात ठेवावी.

तिखट पाण्यावर भुरभुरले आणि रंगाचे ओघळ लगेच खाली उतरू लागले, तर त्यात पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग आहे, हे आपण शिकवतो. पण या चाचणीची मर्यादाही शिकवायला हवी. २००३ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या मिरचीपुडीत सुदान-१ हा रंग सापडला. तो तेलात विरघळतो, म्हणून पाण्याची चाचणी त्याला पकडू शकत नाही. चाचणीत काही दिसले नाही, याचा अर्थ काहीच नाही असा होत नाही.

बाईंनी या सुट्टीत गडहिंग्लजच्या बाजारात जाऊन आईच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिरची आणायचे ठरवले आहे. मी त्यांना मूठभर बीही आणायला सांगितले आहे. शाळेच्या बागेत दहा रोपे लावू. कळ्या उमलण्याआधी फांद्यांवर तलम कापडाच्या पिशव्या बांधू आणि फुले आली की फांद्या हलकेच हलवू. त्या पिशवीतल्या फळांचे बी शुद्ध राहील. आपल्या भागातली कोणती मिरची आता बाजारात दिसत नाही, हे विद्यार्थ्यांना आजीला विचारून यायला सांगा. कदाचित तिच्या घरी अजून बी असेल.